माळावरचा पॉइंटर

नगर जिल्ह्यात आज कुणी बंदूक घेऊन तितर मारायला निघाला, तर त्याची संध्याकाळ वनखात्याच्या कचेरीत जाईल. मग बंदुकीबरोबर काम करण्यासाठी घडवलेल्या कुत्र्यावर नगरच्या वाचकासाठी मराठीत पुस्तक कशाला, असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे. उत्तर एवढंच, की बंदूक गेली तरी कुत्रा आला आहे. पारनेरच्या माळावरच्या फार्महाउसवर, श्रीगोंद्याच्या ऊसपट्ट्यातल्या वस्तीवर, शहरात सावेडीच्या बंगल्यात हौसेने इंग्लिश पॉइंटर किंवा जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर आणणारे लोक आहेत. आणताना डोळ्यांसमोर एक पंजा उचलून उभ्या राहिलेल्या देखण्या कुत्र्याचं चित्र असतं. वर्षभरात तोच कुत्रा कुंपण ओलांडतो, शेजारच्या कोंबड्या मारतो, दावं कुरतडतो, आणि ‘फार मस्तीखोर निघाला’ म्हणून दुसऱ्या कुणाच्या गळ्यात बांधला जातो. कुत्र्यात खोट नसते. ज्या कामासाठी त्याला पिढ्यान्‌पिढ्या निवडलं ते काम कोणतं, हे मालकाला कुणी सांगितलेलं नसतं.

ते काम बारकाईने पाहण्यासारखं आहे. पॉइंटर जमिनीला नाक लावून माग काढत नाही. मान वर ठेवून, वाऱ्यावर येणारा वास घेत, तो माणसाच्या पुढे डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे आडव्या फेऱ्या मारत जातो, कुळव चालवणारा शेत काढतो तसा, मध्ये पट्टा सुटू न देता. गवतात दडून बसलेल्या पक्ष्याचा वास नाकावर आला की भर वेगात असतानाच तो जागच्या जागी थिजतो. शेपूट ताठ, नाक पक्ष्याच्या दिशेला, पुढचा एक पाय बहुधा अधांतरी. याला पॉइंट धरणं म्हणतात. मागून येणारा माणूस पुढे होऊन पक्षी उठवीपर्यंत कुत्रा हलत नाही. भक्ष्यावर झेप घेण्याआधी कोणताही शिकारी प्राणी क्षणभर थबकतो आणि अंदाज घेतो. माणसाने तो क्षण निवडून निवडून मिनिटांपर्यंत ताणला आणि त्यापुढची झेप जवळजवळ पुसून टाकली. बरोबर दुसरा पॉइंटर असेल तर पहिल्याला थिजलेला पाहून तोही थांबतो, स्वतःच्या नाकावर काही आलेलं नसलं तरी. या जातीतलं मला सर्वांत मोठं नवल हेच वाटतं. पळणारे कुत्रे जगात पुष्कळ आहेत. दुसऱ्याच्या भरवशावर थांबणारा कुत्रा दुर्मीळ.

बंदूक वाजते ती हे सगळं झाल्यावर. बंदूक वगळली तरी पॉइंटरचं बहुतेक शिक्षण शाबूत राहतं, आणि या पुस्तकाचा डोलारा त्यावरच उभा आहे. वेग आणि दम हे गुण त्याच्या रक्तात फुकट मिळतात, त्यासाठी मालकाला काही करावं लागत नाही. घासावी लागते ती थांबण्याची आणि परत येण्याची बाजू.

इतिहास थोडक्यात. जाणकारांची सर्वमान्य समजूत अशी, की 1713 च्या युट्रेख्टच्या तहानंतर स्पेनहून घरी परतलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी तिथले जड, सावकाश चालणारे पॉइंटर बरोबर नेले आणि पुढे त्यांना इंग्लंडात हलकं, वेगवान केलं. या कुत्र्यांची पहिली नोंदलेली मैदानी चाचणी बेडफर्डशायरमधल्या साउथिल इथे 1865 साली झाली. विल्यम आर्कराइटचा ‘द पॉइंटर अँड हिज प्रेडिसेसर्स’ हा ग्रंथ 1902 चा, आणि पॉइंटरबद्दल गंभीरपणे लिहिणारा माणूस आजही त्याच्याकडे वळतो. जर्मनांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेगळी वाट धरली. त्यांना शोधणारा, थांबणारा, पडलेला पक्षी उचलून आणणारा आणि पाण्यात उतरणारा असा एकच कुत्रा हवा होता. त्यातून शॉर्टहेअर्ड आला. आपल्याकडे ‘पॉइंटर’ म्हणून सरसकट विकली जाणारी पिल्लं कधी या जातीची असतात, कधी त्या. घेणाऱ्याने आधी एवढं तरी विचारून घ्यावं.

आता नगर. 1803 च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेल्स्लीने इथला किल्ला घेतला, पुढे भिंगारला छावणी वसली, आणि छावणीबरोबर गोऱ्या साहेबांची शिकार आली. रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रजाने 1809 ते 1829 या वीस वर्षांत नगर जिल्ह्यात 961 माळढोक मारल्याची नोंद माळढोकाविषयीच्या साहित्यात पुन्हा पुन्हा येते. आज अख्ख्या देशात उरलेले माळढोक दीडशेच्या आत आहेत, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. न्यायाने सांगायला हवं, की माळढोक मारायला पॉइंटरचा उपयोग नव्हता. तो पक्षी उघड्या माळावर उभा असतो, दुरून दिसतो. त्याच्याजवळ बैलगाडीच्या आडोशाने जात. पॉइंटर लागे तो गवतात बसून राहणाऱ्या पाखरांसाठी, म्हणजे तितर आणि लावा यांच्यासाठी. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम यांनी मार्शल यांच्यासह हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या शिकारी पक्ष्यांवर तीन खंड लिहिले ते 1879 ते 1881 या काळात. त्या पिढीची शिकारीची भूक केवढी होती, हे त्या खंडांच्या जाडीवरूनही कळतं. विलायतेहून आणलेला कुत्रा इथे फार टिकत नाही, ही त्या काळच्या शिकारी साहेबांची नेहमीची तक्रार. त्याची कारणं आजही आपल्या गोठ्यात आणि गवतात आहेत. त्यांच्याकडे पुढे येतो.

इथल्या मातीतली शिकार वेगळ्या रीतीची होती. फासेपारधी पाळलेल्या तितराला पिंजऱ्यात बोलायला लावून रानातले तितर फाशांत घेत. त्यांना पाखराची सवय, त्याची वाट, त्याची वेळ ठाऊक असे, कुत्र्याच्या नाकाची गरज पडत नसे. या माणसांना इंग्रजांनी 1871 च्या कायद्याच्या चौकटीत जन्मतः गुन्हेगार ठरवलं, आणि छावणीतले साहेब त्याच माळावर त्याच पाखरांची शिकार खेळ म्हणून करत राहिले. पारध्यांवरचा तो शिक्का कागदावरून पुसला जायला 1952 साल उजाडावं लागलं. दख्खनचा आपला कुत्रा म्हणजे कारवानी, आणि त्याचाच भाऊबंद मुधोळचा, ज्याला घोरपड्यांच्या संस्थानाने नाव मिळवून दिलं आणि ज्याच्यावर 2005 साली टपाल खात्याने तिकीट काढलं. कारवानी नजरेने शिकार करतो. ससा दिसला की सुटला. त्याला थांबवण्याची कुणी कधी गरज मानली नाही, त्यामुळे कारवानी पाळणाऱ्यांचं पिढीजात शहाणपण पॉइंटरला लावलं की घोटाळा होतो. कारवानीवाला कुत्र्याची पारख त्याच्या पळण्यावर करतो. पॉइंटर विकत घेतानाही तो सर्वांत सुसाट पिल्लू उचलतो, आणि तिथेच पहिली चूक होते.

कायद्याबद्दल मोघम बोलून चालणार नाही, कारण गावोगाव समज असा आहे, की हातात बंदूक नसेल तर शिकार होत नाही. मुंबई राज्याचा 1951 चा कायदा परवाने देऊन आणि हंगाम ठरवून शिकार चालू ठेवत होता. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही आरंभी परवान्याची सोय होती, ती 1991 च्या दुरुस्तीने गेली. या कायद्यातली शिकारीची व्याख्या मारण्यापुरती नाही. पकडणं, फासे लावणं, कुत्र्यांकरवी पाठलाग करवणं, हाकून नेणं, आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं तिच्यात बसतं. रानपाखरांची अंडी आणि घरटी विस्कटणंही बसतं. ‘आमचा कुत्रा नुसता सशामागे पळाला’ हा बचाव होत नाही. तेव्हा या पुस्तकात रानपाखरावर कुत्रा चालवण्याचा एकही धडा नाही, आणि जो प्रशिक्षक तुम्हाला रेहेकुरीच्या आसपास किंवा कर्जत-श्रीगोंद्याच्या गवताळ रानात ‘खऱ्या लाव्यावर’ कुत्रा शिकवून देतो म्हणेल, त्याच्यापासून दूर राहा. रेहेकुरीचं काळविटांचं अभयारण्य 1980 चं, अवघं 2.17 चौरस किलोमीटरचं. एवढ्याशा तुकड्यात एक सुटलेला कुत्रा काय करू शकतो हे तिथल्या वनरक्षकाला विचारावं.

निवडीविषयी माझं मत ठाम आहे: पिल्लू पाहण्याआधी आई-बाप पाहा. सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या चाचण्यांवर छापील पानंच्या पानं आहेत, पण त्या वयात दिसतं त्यातलं फार थोडं पुढे टिकतं. दोरीला बांधलेल्या पिसावर पिल्लू थिजलं म्हणून हुरळून जाणारे पुष्कळ. ते डोळ्यांनी थिजलेलं असतं, नाकाने नव्हे, आणि हा खेळ फार खेळला तर पिल्लाला नजरेने थांबायची खोड लागते. केनेल क्लबचे कागद वंशावळ सांगतात, स्वभाव सांगत नाहीत. प्रदर्शनात जिंकलेल्या बापाला पाखराच्या वासावर थांबता येतं की नाही, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं. आईचा स्वभाव पाहा, कारण पहिले दोन महिने पिल्लं तिच्याकडूनच जग शिकतात. अनोळखी माणसाला ती घाबरत असेल तर तिथून उठा. खुब्याच्या सांध्यांचे एक्स-रे काढले आहेत का, विचारा. मग पिल्लांकडे वळा. ताटली पडल्याचा आवाज झाल्यावर दचकणारं पिल्लू वाईट नसतं. दचकून लगेच सावरणारं, ताटली हुंगायला परत येणारं पिल्लू मात्र चांगलं. दूर जाऊन पुन्हा तुमच्याकडे वळून पाहणारं त्याहून चांगलं. जे एकदाही वळून पाहत नाही, ज्याच्यावर सगळे ‘काय चपळ आहे!’ म्हणून भाळतात, ते पिल्लू पंचवीस-तीस किलोंचं झाल्यावर वळून पाहील अशी आशा धरू नये. रंगाबाबत एकच व्यवहारी सूचना: अंग बहुतांश पांढरं असेल तर बरं. कंबरेएवढ्या गवतात कुत्रा दिसतो, आणि उन्हातही थोडा सुसह्य राहतो.

आता ज्या शब्दाने सगळे घाबरतात तो: ऊर्जा. कुत्रा दमावा म्हणून त्याला मोटारसायकलमागे पळवण्याची रीत आपल्याकडे कारवानीवाल्यांकडून आली आहे. पॉइंटरवर तिचा उलटा परिणाम होतो. रोज पळवलेला कुत्रा शांत होत नाही, तो अधिक तयारीचा होतो, आणि महिन्याभरात त्याला दमवायला तुम्हाला दुप्पट अंतर लागतं. शिवाय वर्ष-सव्वा वर्षापर्यंत हाडांची वाढ पुरी झालेली नसते. डांबरी रस्त्यावरच्या धावण्याने सांधे कायमचे बिघडतात. त्याऐवजी दहा-पंधरा मिनिटांचं नाकाचं काम द्यावं. वासाची चिंधी शेताच्या कडेला लपवा, वाऱ्याच्या खालच्या अंगाने कुत्रा सोडा, आणि बघा. नाक चालवणारा कुत्रा संध्याकाळी पाय पसरून झोपतो. ‘थांब’ हा हुकूमही पळापळीत शिकवायचा नसतो. तो जेवणाच्या ताटलीसमोर सुरू होतो, मग दारात, मग अंगणात, मग दहा मीटरच्या दोरावर, आणि कित्येक महिन्यांनी मोकळ्या रानात. हुकूम एकदाच द्यावा. चार वेळा ‘थांब, थांब’ ओरडणाऱ्या मालकाचा कुत्रा पहिल्या तीन वेळा न थांबायला शिकतो. आणि मारू नये. भूतदया तर आहेच, पण व्यवहारही हेच सांगतो: पॉइंटरची कातडी पातळ आणि मन त्याहून. वास आल्यावर मार बसला तर पुढच्या वेळी तो पाखराला बगल देऊन जातो, आणि हा दोष सुधारणं जवळजवळ अशक्य.

वारा वाचायला कुत्रा जन्मतः शिकलेला असतो. मालकाला शिकावं लागतं. कुत्र्याला नेहमी वाऱ्याच्या तोंडावर सोडायचं. पावसाळ्यात नगरच्या माळावर पश्चिमेचा वारा इतका ठरलेला असतो, की सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावरच्या पवनचक्क्यांकडे पाहून दिशा कळते. हिवाळ्यातल्या पहाटे तो मंद असतो आणि दिशा बदलतो, तेव्हा मूठभर माती सोडून पाहावी लागते. दव असलेल्या सकाळी वास जमिनीलगत धरून राहतो. ऊन चढून मुरूम तापला की तो वर उडून जातो, आणि चांगल्यात चांगला कुत्राही आंधळा होतो. नऊनंतर शिकवत बसणारा माणूस कुत्र्याला नाकावर अविश्वास शिकवत असतो.

बंदूक नसली तरी आवाजाची सवय गाळता येत नाही, नगरमध्ये तर नाहीच. खारे-कर्जुन्याच्या के. के. रेंजवर रणगाड्यांचा सराव सुरू झाला की राहुरी-पारनेरच्या वाड्यावस्त्यांपर्यंत खिडक्यांची तावदानं वाजतात. दिवाळी आहे, लग्नातले डीजे आहेत, ऊसतोडीच्या हंगामात रात्री ट्रॅक्टरवर लावलेली गाणी आहेत. धमाक्याची भीती एकदा बसली की ती विस्तारत जाते, आणि असा कुत्रा दार फोडून पळतो. म्हणून पिल्लू जेवत असताना किंवा खेळात रमलेलं असताना खूप दूरवर आवाज करावा, आणि आठवड्या-आठवड्याने अंतर कमी करावं. पहिला फटाका कानाशी वाजवून ‘धीट करतो’ म्हणणाऱ्या शूर काकांना त्या दिवशी घरी बोलावू नये.

नगरचा माळ कुत्र्याला दिसतो तेवढा सोपा नाही, आणि साहेबांचे कुत्रे का टिकले नाहीत याचं उत्तर इथे आहे. पावसाळा सरता सरता कुसळी गवताची टोकं पिकतात. ती कानात, नाकपुडीत, पंजांच्या बेचक्यात शिरतात आणि पुढेच सरकत जातात, उलटी येत नाहीत. रानातून आल्यावर कुत्र्याचा प्रत्येक पंजा बोटं फाकवून पाहणं हा शिक्षणाइतकाच महत्त्वाचा भाग आहे. रब्बीची ज्वारी काढलेल्या रानात धसकटं छातीला लागतात. सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे आहेतच. दगडाखाली फुरसं असतं. गोचिडांमुळे होणारा ताप हा दख्खनच्या कुत्र्यांचा मोठा वैरी: कुत्रा खाणं सोडतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं, कधी लघवी गडद होते. त्या दिवशीच रक्ततपासणी करावी. ‘ऊन लागलं असेल’ म्हणून चार दिवस थांबू नये. ऊन लागणं वेगळं आणि त्याहून तातडीचं. निरोगी कुत्र्याचं अंग 38 ते 39 अंशांवर असतं, ते 41 च्या पुढे गेलं की तासाभरात जीव जाऊ शकतो. पॉइंटर स्वतः होऊन थांबत नाही, हेच त्यातलं संकट. एप्रिल-मेमध्ये उजाडायच्या आत काम संपवावं किंवा काम करूच नये. खाण्याचंही तसंच. भाकरी-ताकावर वस्तीवरचा राखणीचा कुत्रा निभावतो. धावणाऱ्या पॉइंटरला अंडी, मांस, माशाचा अंश असलेला आहार लागतो.

आणि बिबट्या. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा केलेला अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, सुमारे 39 टक्के. शेळ्या, गुरं त्यामागे. प्रवरेच्या आणि मुळेच्या काठच्या उसात राहणाऱ्याला हे अभ्यासाशिवायही ठाऊक असतं. तेव्हा रात्री अंगणात साखळीने बांधलेला पॉइंटर म्हणजे बिबट्यासाठी वाढून ठेवलेलं ताट आहे. त्याला वरून जाळी असलेली बंद खोली द्या, नाहीतर घरात घ्या. तो राखणीचा कुत्रा नाही, भुंकून चोर पळवेल अशी अपेक्षा धरू नका. उलट बाजूही विसरता येत नाही. माळावरचे लांडगे आणि खोकडं आपल्या कुत्र्यांचे रोग घेतात. डिस्टेंपर, पार्व्हो आणि रेबीजची लस वेळच्या वेळी टोचणं ही आपल्या कुत्र्याइतकीच त्यांचीही राखण आहे.

मग या कुत्र्याने करायचं काय? न्यूझीलंडमध्ये 1890 च्या दशकात रिचर्ड हेन्री या गृहस्थांनी तोंडाला मुसकं बांधलेल्या कुत्र्याच्या मदतीने काकापो पोपट शोधून सुरक्षित बेटावर हलवले. तिथे आजही दुर्मीळ पक्षी शोधायला पॉइंटर आणि सेटर शिकवले जातात. स्कॉटलंडच्या माळावर ग्राउस पक्ष्यांची मोजणी पॉइंटर घेऊन होते. आपल्याकडे 2008 पासून वन्यजीवांच्या तस्करीविरुद्ध हुंगणारे कुत्रे तयार केले जात आहेत, बहुतेक जर्मन शेफर्ड. पॉइंटरच्या नाकाला आपल्या गवताळ रानांच्या अभ्यासात जागा मिळेल का, हे वनखात्याच्या आणि शास्त्रज्ञांच्या हातात आहे. हौशी माणसाने परस्पर तो प्रयोग करू नये. हौशी माणसासाठी स्वतःचं रान, लपवलेला वास, शिट्टी आणि दोर एवढं पुरेसं आहे, आणि पॉइंटरसाठीही. त्याला पाखरू मेलं की नाही याच्याशी कर्तव्य नसतं. त्याला शोधायचं असतं, आणि त्याने शोधलेलं कुणीतरी येऊन पाहायला हवं असतं.

पिल्लू अजून आणलं नसेल तर निवडीचं प्रकरण आधी वाचावं. आणलं असेल तर ‘थांब’चं. रोज पहाटे तासभर देणं घरात कुणालाच जमणार नसेल तर दोन्ही प्रकरणं सोडून द्यावीत आणि पॉइंटरही. ज्यांना जमणार आहे त्यांना एक विनंती: जूनपासून सप्टेंबरपर्यंत माळावर लाव्यांची आणि चंडोलांची अंडी जमिनीवर असतात, त्या चार महिन्यांत गवतात शिरताना कुत्रा दोरावरच ठेवा.